रिडली: मेट्रॉइडमधील पुन्हा पुन्हा परतणारा शत्रू आणि लढाईच्या खेळांतील त्याचा प्रवेश — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी नात्यातील आणि शेजारची सात-आठ मुले निन्टेंडो स्विच घेऊन खेळायला जमतात. त्यांतील बहुतेकांची शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची असली, तरी खेळाच्या ऐन रंगात तोंडून निघते ती मराठीच. निरनिराळ्या खेळांतील पात्रे एकमेकांशी लढवणाऱ्या सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट (थोडक्यात स्मॅश) या खेळातील जांभळ्या पंखांचा, हाडकुळा, लांब शेपटीचा रिडली त्यांच्या विशेष आवडीचा आहे, आणि त्याच्याविषयीचे त्यांचे प्रश्न मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. काही प्रश्न त्यांच्या आईवडिलांचे आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

रिडली म्हणजे नेमका कोण?

मेट्रॉइड या निन्टेंडोच्या खेळमालिकेतील तो प्रमुख शत्रू आहे. मालिकेची नायिका सॅमस ॲरन ही चिलखत घालून एकटीने ग्रहांवर उतरणारी योद्धा, आणि रिडली हा अंतराळातील चाच्यांचा सेनापती. पहिला मेट्रॉइड १९८६ साली जपानमध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर आला. त्यात झेबेस ग्रहाच्या पोटातील नॉर्फेअर या तप्त भागाच्या तळाशी रिडलीचा अड्डा होता. त्याला आणि क्रेड या दुसऱ्या बलाढ्य शत्रूला हरवल्याशिवाय मदर ब्रेनपर्यंत, म्हणजे चाच्यांचा तळ चालवणाऱ्या महामेंदूपर्यंत, जाण्याचा मार्ग उघडत नसे.

दिसायला तो पंख असलेल्या सरड्यासारखा असल्यामुळे मुले त्याला पशू समजतात, आणि येथेच त्यांची गफलत होते. रिडली बुद्धिमान आहे. तो बेत आखतो, सैन्य चालवतो, आणि सॅमसला कोठे गाठायचे हेही ठरवतो. भुकेपोटी हल्ला करणारे प्राणी मेट्रॉइडमध्ये पुष्कळ आहेत, पण समजून-उमजून क्रूर असणारा हा एकच, असे मला वाटते.

हे नाव कोठून आले?

१९७९ सालच्या ‘एलियन’ या चित्रपटाचे दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्या नावावरून. मेट्रॉइडच्या निर्मात्यांवर त्या चित्रपटाचा मोठा प्रभाव होता: अंधाऱ्या बोळांतून एकटी फिरणारी नायिका आणि भिंतीआड दबा धरून बसलेले काहीतरी, ही मांडणीच तेथून आलेली आहे. म्हणून मूळ इंग्रजी उच्चाराप्रमाणे ‘रिडली’ असे लिहावे. आमच्याकडे काही मुले ‘रायडली’ म्हणतात, ते बरोबर नाही.

तो एवढ्या वेळा मारला जातो, तरी परत कसा येतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो विचारण्याजोगाच आहे. बहुतेक मालिकांत हरलेला खलनायक पुढच्या भागात कसलेही कारण न देता हजर होतो. रिडलीच्या बाबतीत मात्र प्रत्येक पुनरागमनामागे काही ना काही कारण दिलेले आहे, आणि ती कारणे खेळांच्या प्रकाशनाच्या क्रमाने न पाहता कथेच्या क्रमाने पाहिली तर एक सलग साखळी हाती लागते.

झेबेसवर सॅमसने त्याला पाडले, त्यानंतर चाच्यांनी त्याचे उरलेले शरीर धातूच्या अवयवांनी जोडून उभे केले. हाच मेटा रिडली, जो २००२ च्या मेट्रॉइड प्राइममध्ये दिसतो. टॅलन फोर ग्रहावरील मंदिरात १२ अवशेष गोळा करून सॅमस पोहोचते, तेव्हा तो आकाशातून तिच्यावर कोसळतो. अखेरीस चोझो जमातीच्या पुतळ्यांतून निघालेल्या किरणांनी तो दरीत फेकला जातो. तरीही २००७ च्या मेट्रॉइड प्राइम ३ मध्ये तो पुन्हा भेटतो, प्रथम एका खोल विवरात कोसळता कोसळता लढताना आणि नंतर फॅझॉन या विषारी द्रव्याने बदललेल्या ओमेगा रिडलीच्या रूपात. पुढे २०१७ च्या सॅमस रिटर्न्समध्ये त्याचे शरीर अर्धे यंत्राचे आणि अर्धे पुन्हा वाढू लागलेल्या मांसाचे असते. १९९४ च्या सुपर मेट्रॉइडपर्यंत यंत्राचा मागमूसही उरत नाही आणि तो पूर्ण सजीव होऊन येतो. तेथे झेबेस ग्रहच नष्ट होतो, आणि त्याच्याबरोबर मूळ रिडलीही संपतो.

यापुढे जे येते ते त्याचे प्रतिरूप. २०१० च्या अदर एममध्ये त्याच्या पेशींपासून तयार झालेला जीव आधी पांढऱ्या लवेचा, निरुपद्रवी दिसणारा लहानसा प्राणी असतो आणि टप्प्याटप्प्याने रिडली होतो. २००२ च्या मेट्रॉइड फ्यूजनमध्ये एक्स नावाचे परजीवी त्या प्रतिरूपाच्या गोठवलेल्या शरीराची नक्कल करून त्याचे रूप घेतात.

आपल्याकडच्या मुलांना हे समजावताना मी दोन पौराणिक उदाहरणे देतो. पहिले जरासंधाचे: भीमाने फाडलेली त्याची दोन शकले पुन्हा जुळत, आणि श्रीकृष्णाने गवताची काडी चिरून ती उलटसुलट दिशांना टाकून दाखवल्यावरच तो मेला. मेटा रिडली हा त्या जातीचा, तुकडे पुन्हा जोडून उभा केलेला. दुसरे रक्तबीजाचे, ज्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा असुर उभा राहत असे. फ्यूजनमधील रिडली या दुसऱ्या जातीचा आहे: त्यात मूळ शत्रू कधीच मेलेला असतो आणि लढावे लागते ते त्याच्या बीजाशी. हा फरक लक्षात घेतला तर फ्यूजनमधील त्याची किंकाळी अधिक भयाण वाटते, कारण त्या किंकाळीमागे रिडली स्वतः नसतो.

झीरो मिशनमधला यंत्ररूपी रिडली हाच मेटा रिडली का?

नाही. २००४ चा झीरो मिशन हा पहिल्या मेट्रॉइडचा नव्याने रचलेला अवतार आहे. त्याच्या शेवटी येणारा मेका रिडली हा रिडलीच्या आकाराचा, अर्धवट बांधलेला निव्वळ यंत्रमानव आहे. मेटा रिडलीच्या आत खरा रिडली असतो.

मेट्रॉइडच्या प्रत्येक खेळात तो आहे का?

नाही. १९९१ च्या मूळ मेट्रॉइड २ मध्ये तो नव्हता. त्याच कथेच्या २०१७ च्या नव्या रूपात त्याला शेवटचा शत्रू म्हणून आणले गेले. २००४ च्या प्राइम २ मध्ये आणि २०२१ च्या ड्रेडमध्येही तो नाही. ड्रेडमध्ये त्याचा जुना जोडीदार क्रेड मात्र आहे.

सॅमसशी त्याचे वैर एवढे वैयक्तिक का?

सॅमसच्या बालपणाची कथा सांगणाऱ्या मेट्रॉइडच्या जपानी मांगामध्ये याचे उत्तर आहे. के-टू-एल या वसाहतीवर चाच्यांनी हल्ला केला तेव्हा सॅमस अगदी लहान होती. त्या हल्ल्यात तिचे आईवडील मारले गेले आणि हल्ल्याचा म्होरक्या रिडली होता. चोझोंनी तिला वाढवले, शिकवले, आणि ती योद्धा झाली. या चित्रकथेत रिडली बोलतो. खेळांत त्याची किंकाळीच काय ती ऐकू येते.

अदर एममध्ये या जखमेला उघड रूप देण्याचा प्रयत्न झाला. त्याचे प्रतिरूप समोर येताच सॅमस गोठून उभी राहते आणि पडद्यावर क्षणभर लहान मुलगी दिसते. या प्रसंगावर तेव्हा पुष्कळ टीका झाली, कारण त्याआधी तिने अनेक वेळा त्याच्याशी न डगमगता झुंज दिलेली खेळाडूंनी स्वतःच्या हातांनी अनुभवली होती. मला ती टीका बऱ्याच अंशी योग्य वाटते. भीती दाखवण्यात काही चूक नव्हती. पण सुपर मेट्रॉइडच्या आरंभी हेच वैर एकही शब्द न उच्चारता याहून नेमके मांडले गेले होते: सिरीस या अंतराळ स्थानकातील काळोख्या खोलीत मेट्रॉइड (मालिकेला नाव देणारा, प्राणशक्ती शोषणारा जीव) याचे पिल्लू असलेली काचेची कुपी दिसते, तिच्यामागे आधी एक डोळा उघडतो, आणि मग ती कुपी पंजात धरलेला पूर्ण रिडली उजेडात येतो.

लढाईच्या खेळांत तो प्रथम केव्हा दिसला?

१९९९ च्या पहिल्या सुपर स्मॅश ब्रदर्समध्ये, पण लढवय्या म्हणून नव्हे. झेबेस ग्रहाच्या रंगमंचामागून तो उडत जातो, एवढेच. त्याच मालिकेच्या पुढच्या भागात, २००१ च्या मेलीमध्ये, सुरुवातीच्या चित्रफितीत सॅमस त्याच्यासमोर उभी राहते, आणि जिंकून मिळवायच्या ट्रॉफींत त्याची मूर्ती आहे. २००८ च्या ब्रॉलमध्ये त्याला पहिल्यांदा खरे काम मिळाले: सबस्पेस एमिसरी या कथाभागात तो एकदा मूळ रूपात आणि एकदा मेटा रिडली म्हणून बॉस, म्हणजे हरवावा लागणारा मोठा शत्रू, आहे. २०१४ च्या, निन्टेंडोच्या वी यू यंत्रावरील आवृत्तीत पायरोस्फिअर या रंगमंचावर तो मध्येच उतरतो, सर्वांवर हल्ला करतो, आणि जो खेळाडू त्याला पुरेसा मार देईल त्याच्या बाजूने लढू लागतो. हे शेवटचे मला कधीच पटले नाही. मार खाऊन दुसऱ्याची चाकरी पत्करणारा रिडली मेट्रॉइडमध्ये कोठेही सापडत नाही.

स्मॅशखेरीज दुसऱ्या कोणत्या लढाईच्या खेळात तो आहे का?

आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०११ साली निन्टेंडो ३डीएसवर आलेल्या डेड ऑर अलाइव्ह डायमेन्शन्समध्ये अदर एमवरून घेतलेला एक रंगमंच आहे. तेथे दोन योद्धे लढत असताना रिडली मध्ये पडतो आणि सॅमसही तेथे अवतरते, पण दोघांपैकी कोणालाही खेळाडू म्हणून निवडता येत नाही. अदर एमच्या निर्मितीत टीम निन्जा या संस्थेचा सहभाग होता आणि डेड ऑर अलाइव्ह ही त्यांचीच मालिका, म्हणून हा योग आला.

‘रिडली फार मोठा आहे’ हा वाद काय होता?

ब्रॉलच्या काळापासून चाहते रिडलीला लढवय्या म्हणून मागत होते, आणि त्याचा आकार फार मोठा असल्यामुळे ते शक्य नाही असे उत्तर मिळत होते. स्मॅशचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांची भूमिका अशी होती की, त्याला इतरांच्या मापात बसवायचे तर तो बराच लहान करावा लागेल, पंख आखडावे लागतील, मोकळेपणाने उडण्यावर बंधन घालावे लागेल, आणि मग तो खरा रिडली राहणार नाही. त्यापेक्षा त्याला त्याच्या मूळ दरार्‍यासह रंगमंचावरील बॉस म्हणून ठेवणे त्यांना योग्य वाटले. या भूमिकेमागे त्या पात्राविषयीचा आदर आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही हा युक्तिवाद मला पूर्णपणे पटत नव्हता. पहिले कारण इतिहासाचे आहे. १९८६ च्या खेळात रिडली सॅमसपेक्षा थोडासाच मोठा होता. पडद्याचा मोठा भाग व्यापणारा रिडली सुपर मेट्रॉइडने दिला आणि तेच रूप लोकांच्या मनात ठसले. पुढच्या प्रत्येक खेळाने त्याचे माप आपापल्या गरजेप्रमाणे बदलले आहे, त्यामुळे ज्याला ‘खरा आकार’ म्हणता येईल असा एकच आकार दाखवणे कठीण आहे. दुसरे कारण स्मॅशमध्येच आहे. ज्या ब्रॉलमध्ये रिडलीला जागा नव्हती, त्याच ब्रॉलमध्ये पिकमिन मालिकेतील कॅप्टन ऑलिमार आला. मूळ कथेत तो जेमतेम एखाद्या नाण्याएवढ्या उंचीचा असूनही, येथे मारिओच्या बरोबरीने लढला. लहानाला मोठे करता येते, तर मोठ्याला लहान का करता येऊ नये?

आमच्या सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. बडोद्यातील प्रत्येक मुलाने तो मान वर करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहिलेला असतो. तोच देवमासा चित्रांच्या पुस्तकात तळहाताएवढा असतो, आणि तरीही तो देवमासा आहे हे मुलाला सांगावे लागत नाही. आकृतीची प्रमाणे आणि स्वभावाची लक्षणे सांभाळली की ओळख टिकते. रिडलीच्या बाबतीत सांभाळायच्या गोष्टी होत्या त्या म्हणजे लांब शेपटी, हाडे दिसणारा देह, आणि शिकार करताना त्याला वाटणारा आनंद.

मग २०१८ मध्ये काय बदलले?

१२ जून २०१८ रोजी अल्टिमेटच्या घोषणेच्या कार्यक्रमात, जुने सर्व लढवय्ये परत येत आहेत हे सांगून झाल्यावर, अगदी शेवटी रिडलीची चित्रफीत दाखवली गेली. अंधाऱ्या बोळात तो मेगा मॅन आणि मारिओ यांच्यावर झडप घालतो, आणि नंतर मारिओची टोपी त्याच्या हाती दिसते. इतकी भीतिदायक घोषणा स्मॅशमध्ये त्याआधी झालेली मला आठवत नाही. ७ डिसेंबर २०१८ रोजी खेळ बाजारात आला. त्यात रिडलीचा क्रमांक ६५ आहे.

आकाराचा प्रश्न त्यांनी मुख्यतः त्याच्या उभे राहण्याच्या ढबीने सोडवला. तो पाठीत वाकून, मान पुढे काढून, हात लोंबते ठेवून उभा राहतो. त्यामुळे पडद्यावर जागा कमी व्यापली जाते आणि झेप घेण्यापूर्वीची सावध अवस्थाही दिसते. तो ताठ झाला तर केवढा असेल, याची कल्पना पाहणाऱ्याला सतत येत राहते. मला ही योजना फार उत्तम वाटते, कारण तिच्यामुळे आकार आखडूनही दरारा उणावलेला नाही.

अल्टिमेटमध्ये तो कसा लढतो?

स्मॅशचे तंत्र न जाणणाऱ्यांसाठी आधी एवढे सांगतो की, यात प्रतिस्पर्ध्याची शक्ती शून्यावर आणायची नसते. मार बसेल तसा त्याचा टक्का वाढतो, टक्का वाढेल तसा तो प्रत्येक तडाख्याने अधिक लांब फेकला जातो, आणि रंगमंचाबाहेर पार भिरकावला गेला की बाद होतो. त्यामुळे प्रत्येक लढवय्याच्या वजनाला महत्त्व येते.

येथे एक गंमतीची गोष्ट आहे. रिडलीचे वजन १०७ आहे, सॅमसचे १०८, आणि मारिओच्या खेळांतील धिप्पाड शत्रू बाउझरचे १३५. म्हणजे एवढा थोरला दिसणारा रिडली सॅमसपेक्षाही किंचित हलका आहे! बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरापासूनची आखाड्यांची परंपरा आहे. उंच पण हाडापेराने हलका पैलवान कसा लढतो हे येथील जुन्या मंडळींना सांगावे लागत नाही: हातापायांची पोच त्याच्या उपयोगी पडते, पण प्रतिस्पर्ध्याला पकडायलाही त्याचे शरीर पुष्कळ सापडते. रिडलीचे अगदी तसेच आहे. शेपटीमुळे त्याचा वार लांबून पोहोचतो, हवेत तो एकाहून अधिक वेळा उडी घेऊ शकतो, पण त्याचे लांबरुंद शरीर एकदा कॉम्बोत, म्हणजे लागोपाठच्या वारांच्या साखळीत, सापडले की सुटणे अवघड जाते.

त्याच्या चार विशेष चाली अशा आहेत. तोंडातून उसळत जाणारे आगीचे गोळे तो टाकतो. बटण धरून ठेवले तर ते अधिक निघतात, पण ते साठवत असताना मार बसला तर नुकसान त्याचेच होते. दुसऱ्या चालीत तो झेपावून प्रतिस्पर्ध्याला पंजात धरतो आणि जमिनीवर घासत नेतो. सुपर मेट्रॉइडमधील काचेची कुपी आठवणाऱ्याला हा पंजा ओळखीचा वाटेल. तिसरी पंखांची झेप, जिची दिशा वर, खाली, पुढे किंवा मागे अशी निवडता येते. चौथी चाल शेपटीचा भाला: तो सावकाश मागे ओढून सरळ भोसकतो, आणि नेमके टोक लागले तर समोरचा जागीच कोलमडतो व त्याचा टक्का एका फटक्यात प्रचंड वाढतो. ही चाल क्वचितच लागते, पण लागली की आमच्या माडीवरचा आरडाओरडा खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

मेटा रिडली वेगळा निवडता येतो का?

वेगळा लढवय्या म्हणून येत नाही. तो रिडलीच्या पर्यायी पोशाखांपैकी एक आहे. रूप बदलते, चाली त्याच राहतात.

नवशिक्याने रिडली निवडावा का?

मनापासून आवडत असेल तर अवश्य निवडावा, पण पहिले काही आठवडे हरण्याची तयारी ठेवावी. आगीचे गोळे टाकत दूर राहण्याची सवय लागली की तो हाताशी येत नाही. शेपटीच्या टोकाचे अंतर डोळ्यांत बसेपर्यंत तिचे साधे वार वापरावेत, आणि भाला प्रतिस्पर्धी चुकून उघडा पडेल तेव्हाच काढावा. परत येताना पंखांच्या झेपेची दिशा आधी ठरवावी, कारण झेप एकदा सुरू झाली की बदलता येत नाही.

आपण वाईट पात्र घेऊन का खेळायचे?

हा प्रश्न माझ्या दहा वर्षांच्या पुतणीने विचारला होता: “काका, रिडलीने सॅमसच्या आईबाबांना मारलं ना? मग मी त्याला जिंकवायचं का?” मी तिला सांगितले की, नाटकात कीचकाची भूमिका कोणीतरी मन लावून केली नाही, तर भीमाच्या पराक्रमाला अर्थ राहत नाही. रिडली घेऊन खेळताना त्याचा राग, त्याची घाई, त्याचा वार नेमका कोठून येतो हे हाताला कळते, आणि मग मेट्रॉइडमध्ये सॅमस म्हणून त्याच्यासमोर उभे राहिल्यावर तीच ओळख उपयोगी पडते. ती आता दोघांनाही आलटून पालटून घेते.

लहान मुलांसाठी हे योग्य आहे का?

अल्टिमेटला अमेरिकेत दहा वर्षांवरील मुलांसाठीचे आणि युरोपात बारा वर्षांवरील मुलांसाठीचे मानांकन आहे. मेट्रॉइड प्राइम आणि अदर एम ही किशोरवयीनांसाठीची आहेत. मी स्वतः अदर एम लहान मुलांपुढे ठेवत नाही. मानांकनाहून लहान वयाच्या मुलांना रिडलीची घोषणेची चित्रफीत मोठ्यांनी सोबत बसून दाखवावी.

मूळ खेळांपैकी आधी कोणता खेळावा?

पहिला मेट्रॉइड आणि सुपर मेट्रॉइड हे दोन्ही निन्टेंडो स्विच ऑनलाइनच्या वर्गणीत मिळतात. फ्यूजन आणि झीरो मिशन तिच्या वाढीव वर्गणीत आहेत. प्राइमची नव्याने सजवलेली आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये स्विचवर आली. माझ्या मते सुरुवात सुपर मेट्रॉइडपासून करावी. पहिल्या दहा मिनिटांतच सिरीस स्थानकावर रिडली भेटतो, आणि त्या लढाईत त्याला ठार करता येत नाही, हे मुलांना आधी सांगू नये. तो कुपी घेऊन उडून जातो, स्थानकाच्या स्फोटाला एक मिनिट उरते, आणि मूल कंट्रोलर घट्ट धरून आल्या वाटेने धावत सुटते.